विशूला सातपर्यंत झोपू द्या

"एपिलेप्सी," डॉक्टर म्हणाले आणि पेनाला टोपण लावून त्यांनी ते खिशात ठेवलं. झालं, एवढंच. माझी पंधरा वर्षांची विशाखा शेजारच्या स्टुलावर बसून चपलेचा अंगठा खालीवर करत होती. चिक्कडपल्लीतला तो छोटासा दवाखाना, बाहेर बाकावर दाटीवाटीनं बसलेले पेशंट, आणि मला काय सुचावं? मी विचारलं, "दहावीला बसेल ना ही?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. "पहले फिट्स रुकने दो अम्मा. दसवीं बाद में देखेंगे."

त्या दिवशी मला त्यांचा असा राग आला म्हणून सांगू! पोरगी समोर बसलेली, आणि हा माणूस तिच्यादेखत दहावीचं 'बाद में' म्हणतो. आज कळतं, बिचाऱ्यांनी खरं तेच सांगितलं होतं.

ज्यांच्या घरात हे दुखणं नवीन आलंय त्यांच्यासाठी मी हे लिहितेय. एपिलेप्सी म्हणजे आपल्याकडचं फेफरं, मिरगी, आकडी. मेंदूतल्या पेशी एकमेकींशी बारीक विजेनं बोलत असतात. मधूनच सगळ्या एकाच वेळी बोलायला लागल्या की फिट येते. हे मला पटकन समजलं, कारण मी टेलिफोन खात्यात ऑपरेटर होते. सगळ्या लाइनी एकदम लागल्या की बोर्डचं काय होतं ते मला कुणी सांगायला नको.

आम्ही मूळचे नांदेडकडचे, राहायला या तेलुगू मुलखातल्या शहरात, अंबरपेठेत. विशूचे पप्पा रेल्वेत, त्यांची बदली काझीपेटला झालेली, त्यामुळे ते फक्त रविवारी घरी. माझी ड्यूटी सकाळी सहाची. मी साडेपाचला घर सोडायची, पण त्याआधी चार वाजता विशूला अभ्यासाला उठवून बसवायची. दहावी होती ना! त्या वर्षांत गल्लीच्या तोंडातोंडाशी एसटीडीचे पिवळे बूथ निघत होते आणि आमच्या बोर्डवरच्या खुर्च्या एकेक करून रिकाम्या होत होत्या. ज्याच्या त्याच्या तोंडी कॉम्प्युटर. माझी नोकरी राहो न राहो, पोरीनं दहावीला बरे मार्क काढावेत, पॉलिटेक्निकला जावं, कॉम्प्युटर शिकावा, हे मी मनात पक्कं करून ठेवलं होतं. दहावीच्या पलीकडे मला काही दिसतच नव्हतं.

पहिली फिट एका रविवारी सकाळी आली, पप्पा काझीपेटहून अजून पोचायचे होते. आदल्या दिवशी शेजारीपाजारी केबल लागली म्हणून विशू उशिरापर्यंत सिनेमा बघत बसली होती. मी रागावून तरीही नेहमीच्या वेळेला उठवली. मोरीपाशी उभी राहून दात घासत होती. एकदम घशातून एक आवाज निघाला, तो आवाज माझ्या पोरीचा आहे हेच मला कळलं नाही, आणि ती ताडकन आडवी झाली. अंग लाकडासारखं ताठ, ओठ निळे, मग हातपाय झडायला लागले, तोंडाला फेस. कपड्यात लघवी झाली. सगळं मिळून दोनेक मिनिटं, पण मला विचाराल तर ती फिट अजून पुरती संपलेली नाही.

आवाज ऐकून कंपाउंडमधले सगळे धावले. कुणी हातात किल्ल्या कोंबल्या, कुणी चप्पल हुंगवायला आणली. मी किंचाळले, "चप्पल हटाव! हमारे में ऐसा कुछ नै मानते!" आणि स्वतः काय केलं? स्वयंपाकघरातून चमचा आणून तिच्या दातांत घातला. समोरच्या दाताचा टवका उडाला. तेव्हा चप्पलवाल्यांना हसायचा मला काही अधिकार नाही.

तुम्ही असं करू नका. फिट येत असेल तर तोंडात काहीही घालू नका, हातपाय दाबून धरू नका. कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही ठेवा, आणि घड्याळ बघा. पाच मिनिटांच्या वर गेली तर थेट दवाखाना. हे मला दोन महिन्यांनी कुणीतरी सांगितलं. पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर पोरीचा दात शाबूत राहिला असता.

चिक्कडपल्लीच्या डॉक्टरांनी दोन तपासण्या करायला लावल्या. एक ईईजी, म्हणजे डोक्याला पंधरावीस तारा चिकटवून मेंदूतल्या विजेची नोंद कागदावर घेतात. दुखत नाही, नुसतं डोकं चिकट होतं. दुसरी सीटी स्कॅन, म्हणजे डोक्याचे आडवे काप केल्यासारखे फोटो. ते मशीन तेव्हा शहरात नवीन नवीन आलेलं, त्याचं काय कौतुक! दोन्ही रिपोर्ट नॉर्मल आले. मला वाटलं, नॉर्मल म्हणजे आजार नाही. तसं नसतं. ईईजी काढताना मेंदू शांत असेल तर कागदही शांतच दिसतो.

कार्बामाझेपिन नावाची गोळी सुरू झाली. डॉक्टरांनी विचारलं, "और कुछ तकलीफ?" मी म्हटलं, "नै, बाकी सब ठीक." आमच्या सगळ्या दुर्दैवाचं मूळ त्या चार शब्दांत होतं. डॉक्टरांची काही चूक नाही. मी त्यांना अर्धाच आजार सांगितला होता.

म्हणजे काय, तर विशू नववीपासून सकाळी वस्तू पाडायची. चहाचा पेला हातातून उडायचा. कंगवा उडायचा. एकदा टूथब्रश असा उडाला की थेट शेजारच्या बादलीत. मी म्हणायची, "धांदरट! हाताला काय भोकं पडलीत का गं?" घरातल्या सगळ्या कपबश्या फुटल्यावर मी स्टीलचे पेले आणले आणि वर तिलाच ऐकवलं, "घे, आता आपट किती आपटायचे ते." एकदा पाठीत धपाटाही घातला. गोळी सुरू झाल्यावर हे वाढलं. मी म्हटलं, गोळीची गुंगी. आणि विशू? पडलेलं उचलायची, फडक्यानं पुसायची.

दुसरी मोठी फिट शाळेत आली, सकाळच्या प्रार्थनेच्या रांगेत. मुख्याध्यापिकाबाईंनी मला बोलावून घेतलं. बाई वाईट नव्हत्या, घाबरल्या होत्या. म्हणाल्या, फिट्स थांबल्या असं डॉक्टरांचं पत्र आणा, मग पाठवा. तोवर घरी. परीक्षेचा फॉर्म भरून ठेवू, पण हॉलमध्ये बसवायचं की नाही ते पत्रावर. मी रडले, भांडले, आवाज चढवला. काही उपयोग झाला नाही. विशू दप्तर घेऊन माझ्या मागे मागे घरी आली आणि कपाटाला पाठ लावून बसून राहिली.

नांदेडहून मोठ्या जाऊबाईंचा फोन. "कांता, बाहेरचं बघून घे गं एकदा. अमुक दर्ग्यात एक जण आहे." मी फोन आपटलाच. आमच्या सासऱ्यांनी धम्माची दीक्षा घेतली त्या दिवसापासून घरात अंगात येणं, उतारे, लिंबू, दिशाशूळ, सगळं बंद. विशूचे पप्पा म्हणाले, "पोरगी आजारी आहे, डॉक्टरच बघणार." मला नवऱ्याचा अभिमान वाटला, आणि खोटं कशाला बोलू, स्वतःचाही वाटला. कंपाउंडमधल्या बायका नवस बोलायच्या तेव्हा मी नाक वर करून गोळीची बाटली हलवून दाखवायची.

याच अभिमानानं माझा घात केला.

आमच्या भिंतीला भिंत लावून सावित्रम्मा राहायच्या. नवरा वारलेला, मुलगा नोकरीला परगावी. संक्रांतीच्या आधीच्या महिन्यात तेलुगू बायका रोज पहाटे अंगण सारवून मुग्गू काढतात, म्हणजे आपल्या ठिपक्यांच्या रांगोळीसारखंच, पण रेघ न तोडता ठिपक्यांभोवती वळवत न्यायची. घरात बसून कुजणाऱ्या विशूला त्यांनी हाताशी धरलं. मी ड्यूटीला निघाले की त्या हाक मारायच्या आणि दोघी अंगणात बसायच्या. मला बरंच वाटायचं. पोरगी हसायला लागली होती.

एके दिवशी मी दुपारी परतले तर सावित्रम्मा फाटकातच थांबलेल्या. हळूच म्हणाल्या, "कांताम्मा, एक बात बोलूं? सुबे सुबे इसका मुग्गू टूट जारा. हाथ उछलता. अच्छा नै है ये. दिखाव किसीकू."

'मुग्गू टूट जारा, अच्छा नै है' एवढंच माझ्या कानात शिरलं. तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे आता रांगोळी मोडली म्हणून माझ्या पोरीला अपशकुन! मी म्हटलं, "देखो सावित्रम्मा, शगुन-अपशगुन तुमारे घर में रखो. हम पढ़े-लिखे लोगां हैं. मेरी बच्ची के सामने ऐसा बोले तो मैं सुनके नै लेती."

तोंड एवढंसं झालं त्यांचं. दुसऱ्या दिवसापासून विशूला हाक आली नाही. विशूनं विचारलं, "आई, तू काय बोललीस त्यांना?" मी म्हटलं, तू तुझं गणित बघ.

संक्रांतीच्या आदल्या सकाळी मी बोर्डवर होते. सुपरवायझरनं खांद्यावर हात ठेवला. घरून फोन, म्हणजे कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवरून, दुकानदाराचा. विशूनं चहा ठेवला होता. हात उडाला आणि उकळता चहा डाव्या हातावर आणि मांडीवर. तिची किंकाळी ऐकून सावित्रम्मा धावल्या, तिला नळाखाली धरलं, ऑटो केला आणि सरकारी मोठ्या दवाखान्यात घेऊन गेल्या. ज्या बाईला मी तोडून बोलले होते तिनं!

मी अफझलगंजला बस बदलून पोचले तेव्हा त्या वॉर्डाबाहेर बाकावर बसल्या होत्या. साडीचा पदर सगळा ओला. मला बघून उठल्या, "अंदर है. पट्टी करे," एवढं बोलल्या आणि निघून गेल्या. मी थँक्यू म्हटलं की नाही, आठवत नाही. नसेनच म्हटलं.

भाजलेलं फार खोल नव्हतं. पट्टी करणाऱ्या तरुण डॉक्टरनं विचारलं, कसं झालं? विशू म्हणाली, "हात आपोआप उडाला." त्यानं मान वर केली, पुन्हा विचारलं आणि एक चिठ्ठी लिहून दिली. न्यूरॉलॉजी, म्हणजे मेंदू आणि नसांचा विभाग. त्या मुलाचं नाव मी विचारलं नाही, पण त्याचं भलं होवो.

न्यूरॉलॉजीच्या ओपीडीत त्या आठवड्यात आम्ही साडेतीन तास बसलो. सरकारी दवाखान्याला नावं ठेवणाऱ्यांनी एकदा तिथे बसावं. गर्दी आहे, पंखे फिरत नाहीत, पण आमचा नंबर आला तेव्हा मोठ्या डॉक्टरीणबाईंनी आम्हाला इतका वेळ दिला की बाहेरची रांग कुरकुर करायला लागली. साठीच्या असतील, पांढऱ्या केसांचा अंबाडा. मी बोलायला लागले तशा त्यांनी हात वर केला. "अम्मा, तुम थोड़ा चुप. बच्ची बोलेगी."

मला कुणी चुप म्हटलेलं चालत नाही. पण त्या दिवशी मी चुप बसले.

"सुबे उठे बाद हाथां झटकते क्या बेटा? चीज़ां गिरते?"

विशूनं माझ्याकडे पाहिलं. मी पटकन म्हटलं, "नै डॉक्टर, वो तो जरा धांदरट..." आणि थांबले. कारण विशू मान हलवत होती. हो म्हणत होती. "दीड साल से," ती म्हणाली. "सुबे में. शाम को नहीं होता. मम्मी गुस्सा होती इसलिए नहीं बोली."

डॉक्टरीणबाई माझ्यावर रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी शांतपणे विचारलं, "सुबे में बच्ची को देखता कौन?" मी ड्यूटीवर, पप्पा काझीपेटला. म्हटलं, "पड़ोसन." त्या म्हणाल्या, "उनको लाओ. शनिवार को. और शुक्रवार की रात बच्ची को सुलाना नहीं, जगाके रखना. फिर ईईजी निकालेंगे. नींद कम हुई तो दिमाग अपना भेद खोलता."

सावित्रम्मांच्या दारात मी गेले तेव्हा त्या सुपात तांदूळ निवडत होत्या. काय बोलायचं ते मी रस्ताभर पाठ केलं होतं. तोंडातून निघालं काय, तर "डॉक्टरकू तुमसे मिलना है." माफी नाही, काही नाही. अशी मी!

त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "कब?"

"शनिवारकू."

"शनिवारकू मेरा उपवास रहता," त्या म्हणाल्या. जरा विचार केला. "अच्छाच है. दोपहर के खाने की फिकर नै."

शनिवारी डॉक्टरीणबाईंनी त्यांना समोरच्या खुर्चीत बसवलं, एखाद्या मोठ्या साहेबाला बसवावं तसं, आणि बारीकसारीक विचारलं. कोणता हात? दोन्ही. आधी डोळे फिरतात का? नाही. शुद्ध असते? असते, बोलते सुद्धा. सूर्य वर आला की कमी होतं. सावित्रम्मांनी सगळं सांगितलं. रोज तिच्यासमोर बसून त्यांनी ते पाहिलं होतं. मग डॉक्टरीणबाईंनी विशूपुढे कोरा कागद आणि पेन ठेवलं. "डालो बेटा, मुग्गू."

जागरणानं डोळे लाल झालेल्या विशूनं ठिपके मांडले. रेघ वळवायला घेतली. तिसऱ्या ठिपक्यापाशी पेन उडालं. रेघ कागदाबाहेर गेली. पुन्हा घेतली, पुन्हा उडालं. पोरीनं सवयीनं खाली वाकून पेन उचललं आणि माझ्याकडे पाहिलं, आता मी ओरडणार म्हणून.

मी इतकी वर्षं त्या पोरीकडे बघत होते आणि मला दिसलं ते त्या दिवशी. तिथेच टेबलाला धरून मी रडले. दीड वर्ष मी माझ्या लेकराला तिच्या आजाराबद्दल बोल लावत होते. आजाराबद्दल धपाटा घातला होता मी तिला.

नंतर ईईजी. यावेळी कागदावर शाईच्या सुया एका लयीत चालल्या होत्या, मग समोरचा दिवा भराभर लुकलुकवला, आणि एकदम सगळ्या सुया मिळून उसळल्या. तंत्रज्ञ म्हणाला, "मिल गया."

मिळालं त्याचं नाव जुव्हेनाइल मायोक्लोनिक एपिलेप्सी. जुव्हेनाइल म्हणजे वयात येताना सुरू होणारी, मायोक्लोनिक म्हणजे स्नायूंना अचानक बसणारा झटका. झोपेतून उठल्यावर जास्त, झोप कमी झाली की आणखी जास्त. आणि कार्बामाझेपिन ही एरवी चांगली गोळी, पण या जातीच्या एपिलेप्सीत ती झटके वाढवू शकते. ती हळूहळू बंद करून व्हॅल्प्रोएट सुरू केली. ती भूक वाढवते, केस थोडे गळतात, यकृताची तपासणी करत राहावी लागते. डॉक्टरीणबाईंनी तेव्हाच बजावलं होतं की मुलीच्या लग्नाचं, मूल होण्याचं ठरवाल तेव्हा आधी आमच्याकडे या, ही गोळी पोटातल्या बाळाला चालत नाही. मुलींच्या आयांनी हे डॉक्टरांना आवर्जून विचारावं.

"गोळी कधी बंद होईल?" मी विचारलं.

"शायद कभी नहीं. चश्मा लगाते ना लोगां? वैसा समझो." मग चिठ्ठीच्या खाली त्यांनी आणखी एक औषध लिहिलं आणि मोठ्यानं वाचून दाखवलं. "रात को दस बजे सोना. सुबे सात से पहले बच्ची को कोई नहीं उठाएगा. अम्मा, ये तुम्हारे वास्ते लिखी मैं."

बाहेर कॉरिडॉरमध्ये मी सावित्रम्मांचे हात धरले. म्हटलं, "मेरेकू माफ करो. तुम सच बोले, मैं अपशगुन समझी."

"मैं भी पैले अपशगुनच समझी थी, कांताम्मा," त्या म्हणाल्या. "फिर सोची, शामकू डालती तो मुग्गू बराबर आता. अपशगुन क्या घड़ी देखके आता?"

पढ़े-लिखे लोगां आम्ही! घरात लिंबूमिरची नाही म्हणून मिरवणारी मी, आणि सकाळ-संध्याकाळ ताडून बघण्याची अक्कल होती ती या बाईला. मला हसू फुटलं, त्यांनाही फुटलं, आणि विशू दोघींकडे बघत म्हणाली, "लोक बघतायत गं."

झटके तीन आठवड्यांत थांबले. मोठी फिट पुन्हा आली नाही. डॉक्टरीणबाईंनी शाळेला पत्र दिलं. त्यात फिट्स थांबल्याचं होतंच, शिवाय फिट आलीच तर शिक्षकांनी काय करावं, काय करू नये, हे क्रमानं लिहिलेलं होतं. मुख्याध्यापिकाबाईंनी ते दोनदा वाचलं आणि शिक्षकांच्या खोलीत लावलं. त्यांचेही मी आभारच मानते. त्या घाबरल्या होत्या, आणि त्यांना कुणी नीट सांगितलं नव्हतं. मलाच कुठे सांगितलं होतं?

पण दहावी! अभ्यास अडीच महिने मागे आणि वर चिठ्ठीवर सात वाजता उठायचं. औषधांतलं हे औषध मला सगळ्यात कडू गेलं, गोळ्या घेणारी विशू होती तरी. मी सकाळच्या ड्यूट्या बदलून दुपारच्या घेतल्या. पहाटे चारला कंपाउंडमधली सगळी पोरं घोकायला लागायची, खिडक्याखिडक्यांतून इतिहास-भूगोल ऐकू यायचा, आणि माझी पोरगी पांघरूण डोक्यावर ओढून घोरत असायची. माझे हात शिवशिवायचे. सावित्रम्मा भिंतीपलीकडून दटावायच्या, "कांताम्मा, उठाना नक्को!" माझ्या पावलांच्या आवाजावरून त्यांना कळायचं.

परीक्षेचा पहिला दिवस आला. मी पावणेसहापासून तिच्या उशाशी बसून होते. सात वाजले. विशू उठली, आळस दिला, मोरीवर गेली. मी दाराआडून बघतेय. ब्रश हातात राहिला. चहा प्यायली. पेला हातात राहिला. सावित्रम्मा आणि मी दोघी तिच्याबरोबर सेंटरवर गेलो आणि फाटकाबाहेर झाडाखाली बसलो. आतून काही आवाज येतो का, कुणी धावत बाहेर येतंय का, एवढंच आमचं लक्ष. तेलुगू झाला, हिंदी झाला, इंग्रजी झाला. रोज पोरगी चालत बाहेर आली. आपल्या पायांनी चालत! मी रोज मनात त्या डॉक्टरीणबाईंना हात जोडले, त्या पट्टीवाल्या पोराला जोडले, आणि शेजारी बसलेल्या बाईला तर काय, हात जोडायला पुरेच पडत नाहीत.

मग गणित. घंटा झाली, पोरी बाहेर लोटल्या. विशू शेवटी आली. चेहरा पडलेला, डोळे भरलेले, ओठ थरथरतोय. मी धावले, तिचे दोन्ही दंड धरले. "आली का गं? हॉलमध्ये आली का?"

"काय?"

"फिट!"

"नाही गं आई." आणि ती हुंदके द्यायला लागली. "पेपर भयंकर गेला. दोन प्रश्न सोडूनच दिले. प्रमेय आठवलंच नाही."

माझ्या आजूबाजूला पन्नास पोरी तेच रडत होत्या. तेच दोन प्रश्न, तेच प्रमेय. आणि पन्नास आया त्यांना बोलत होत्या. मी एकदा सावित्रम्मांकडे पाहिलं, एकदा विशूकडे, आणि कंबरेला पदर खोचला. "प्रमेय आठवलं नाही? रात्री सिनेमाची गाणी सगळी आठवतात, आणि प्रमेय आठवत नाही? किती वेळा सांगितलं, लिहून काढ, लिहून काढ!" असं म्हणत मी तिला त्या फाटकातच, सगळ्यांदेखत, पोटभर झापलं. सहा महिन्यांत इतकं सुख मला झालं नव्हतं.